सुखरामचा चंदेरी मठ

माणसाला एखादा नाद असावा, याला माझी ना नाही. पण त्या नादापायी शेजाऱ्याची स्कूटर, शेजाऱ्याचं पेट्रोल, शेजाऱ्याचं अक्षर आणि शेजाऱ्याची दुपारची झोप का म्हणून खर्ची पडावी? हा प्रश्न मी सुखराम कापगतेला किती वेळा विचारला असेल. दर वेळी तो शांतपणे म्हणाला, "हाव भाऊ, बरोबर आहे तुमचं. मंग निघाचं का?"

सुखराम मूळचा साकोलीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. भिलाईला स्टील प्लांटमध्ये पेंटर म्हणून लागला आणि पेंटर म्हणूनच रिटायर झाला. मी त्याच प्लांटमध्ये हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात कारकून होतो. त्याने उन्हातान्हात गर्डरवर चढून आयुष्य काढलं, मी पंख्याखाली. माझी सगळी नोकरी सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये गेली. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा कुरुदच्या पुढे मठपारा नावाच्या वस्तीत एक प्लॉट आहे, स्वस्त आहे, पाणी गोड आहे, असं सांगत सुखरामच आला. त्याचं घर आधीपासून तिथेच होतं. एवढा गोड बोलणारा माणूस शेजारी हवा म्हणून मी प्लॉट घेतला. माझी बायको रमा अजून म्हणते, तुम्हाला पाणी पाजून फसवलं.

मठपाऱ्याला मठपारा का म्हणतात, हे तिथल्या माणसांना विचारलं तर ते आकाशाकडे बघतात. मठ त्यांच्या नाकासमोर उभा आहे, पण त्याला ते सिद्धबाबाचं ठाणं म्हणतात. बैठी दगडी इमारत. पुढे खांबांचा ओटा, आत उघडा चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना कोठड्या. कोठडीचं दार इतकं बुटकं की माझ्यासारख्याने वाकूनच आत शिरावं. आत झोपायला दगडाचा कट्टा, उशाशी एका दिव्यापुरता कोनाडा, बस्स. ओट्याच्या छताला मात्र मान वर करून बघत राहावं. चौकोनावर तिरका चौकोन, त्यावर पुन्हा सरळ चौकोन, अशा शिळा एकमेकींवर टेकवून ते छत मिटवत नेलं आहे, आणि त्यात चुन्याचा कण नाही. मुख्य दाराच्या चौकटीवर दोन्ही अंगांना खालपासून वरपर्यंत बसलेले जटाधारी साधू कोरले आहेत. कुणाच्या हातात माळ, कुणाच्या गुडघ्यांना पट्टा बांधलेला. राजे-रजवाड्यांच्या काळी शैव साधू इथे राहत, शिष्यांना शिकवत, चार महिने पावसाळा काढत. हे सगळं मला फार नंतर कळलं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते प्लांटचं पंप हाउस वाटलं होतं.

कारण तो मठ चंदेरी होता.

भिलाईत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा जवळ आली की प्लांटमधलं प्रत्येक मशीन धुऊन-पुसून रंगवायचं, आणि मग तोच हात घरी येतो. फाटक, खिडक्यांचे गज, पाण्याची टाकी, सायकल, सगळ्यांना ॲल्युमिनियम पेंट. मी एका घरी चंदेरी पाटा-वरवंटाही पाहिला आहे. सुखराम त्या पंथातला महंत होता. पर्मनंट झाल्यावर पहिल्याच विश्वकर्मा पूजेला तो ब्रश घेऊन मठात शिरला, आणि मग वर्षानुवर्षे शिरतच राहिला.

"का रे रंगवलास?" मी एकदा विचारलं होतं.

"गंजून राहिला होता नं भाऊ," तो म्हणाला. "काळा काळा पडला होता. असाच सोडला असता तं सडून गेला असता."

दगड गंजत नाही हे मी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. चाळीस फूट उंचीवर लोखंडाचा गंज खरवडलेल्या माणसाला टाइम ऑफिसातला कारकून गंज म्हणजे काय ते शिकवत होता. खरं सांगायचं तर मलाही दगडाचं काही कळत नव्हतं, फक्त त्याच्यावर चिडायला मला आवडायचं.

आणि काम काय चोख करायचा! खांब चंदेरी, तुळया रेड ऑक्साइडच्या, जोत्याला काळी पट्टी. प्लांटमध्ये रंगकाम झालं की कोपऱ्यात स्टेन्सिलने तारीख टाकतात, म्हणजे पुढचा रंग कधी द्यायचा ते कळतं. सुखरामने मठाच्या पहिल्या खांबावर बुंध्याशी अशीच तारीख टाकली होती, आणि दर वर्षी तो ती बदलायचा. साधूंची अंगं चंदेरी, वस्त्रं केशरी, आणि तोंडावर बारीक ब्रशने डोळे, भुवया, मिशा. सगळ्या साधूंच्या मिशा एकसारख्या, वर वळलेल्या. आमच्या रमाला त्यातला एक साधू तिच्या थोरल्या काकांसारखा वाटायचा आणि ती त्याला वेगळा नमस्कार करायची. रंगाचा प्रत्येक डबा सुखरामने सुपेला बाजारातल्या दुकानातून स्वतः आणला. प्लांटचा थेंबसुद्धा घरी नेला नाही, याचा त्याला मठापेक्षा जास्त अभिमान होता.

असं सगळं सुखात चाललेलं असताना पलीकडच्या शेतावर कॉलनी पडली. कॉलनी आली म्हणजे रस्ता आला, आणि सरळ रस्ता काढायचा तर मठ मध्ये येत होता. एक दिवस दोन माणसं आली, फीत धरली आणि मठाच्या ओट्यावरून चुन्याची रेघ मारून गेली. सुखरामने ती रेघ पाहिली आणि माझ्या दारात येऊन उभा राहिला. मी जेवत होतो.

"भाऊ, बाबाचं ठानं पाडून राहिले."

"कोण?"

"रस्तेवाले. तुमी अर्जी लिहा."

आता अर्जी लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे मी कबूल करतो. मी लिहिली. मग ती टाइप करायला सुखरामला स्कूटरवर बसवून दुर्गला नेलं. एका खिडकीवर सांगितलं, इथे नाही, तिकडे. तिकडे सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये. साहेब भेटले तेव्हा भले निघाले. म्हणाले, पुरातत्त्ववाल्यांनी ही इमारत जुनी आहे असं लिहून दिलं तर रस्ता वळवू, नाही तर आमचा नाइलाज आहे. म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन अडलं. मठ जुना आहे, एवढंच कुणीतरी जाणत्याने लिहून द्यायला हवं होतं. यात काय अवघड आहे, असं मला वाटलं.

रायपूरहून एक साहेब आले. उन्हाचे आले, घाईत आले. गाडीतून उतरले, काळा चष्मा वर केला आणि चंदेरी खांबांकडे पाहून पुन्हा डोळ्यांवर घेतला. सुखराम नवा शर्ट घालून, हार घेऊन उभा होता. साहेब पहिल्या खांबापाशी वाकले, बुंध्याशी लिहिलेली तारीख वाचली, आणि हसले.

"ये तो पिछले साल का है," ते म्हणाले.

"नाही साहेब, थे रंगाची तारीख आहे," सुखराम म्हणाला. मग हिंदीत म्हणाला. मग मी म्हणालो. साहेबांनी खांबावर बोटाने टकटक केलं. इतक्या वर्षांचे कोट एकावर एक बसलेले. खालून दगड कुठे बोलणार? "सिमेंट है," ते म्हणाले. मग मिशावाल्या साधूंकडे बघून म्हणाले, "मूर्तियाँ तो बहुत ही नई हैं." पाणीसुद्धा न पिता गेले. हार सुखरामच्या हातातच राहिला.

मी त्या दिवशी सुखरामवर असा काही ओरडलो की रमा बाहेर आली. तारीख टाकायची काय गरज होती? मिशा काढायची काय गरज होती? हजार वर्षांचा मठ तू पंप हाउस करून ठेवलास! तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "मंग आता काय कराचं?"

"काय करायचं म्हणजे? रंग काढ! एवढी एकच गोष्ट करायची आहे. रंग काढला की दगड दिसेल, दगड दिसला की आंधळ्यालाही कळेल की जुना आहे."

"नाही जी," सुखराम म्हणाला. "रंग नाही काढत मी."

आणि इथून पुढे जो छळ सुरू झाला त्याला तोड नाही. मी समजावलं, रागावलो, बोलणं सोडलं, पुन्हा सुरू केलं. त्याचं एकच पालुपद. उघडा पडला तर सडेल. पावसाळा तोंडावर आहे. एवढ्या वर्षांत एक तडा जाऊ दिला नाही, आता काय मीच उघडा करून टाकू? भागीरथावहिनी, म्हणजे त्याची बायको, दोन्ही हात कपाळाला लावून बसायची. "भाऊजी, लग्नातही हे असेच होते," ती मला म्हणाली. "मांडवात पानी आलं तं म्हने मंडप पहिले सुकवा, मंग अक्षता टाका."

इकडे मी दुसरी अर्जी केली, आणि यावेळी साहेबांचा नाद सोडून पुरातत्त्व खात्याचा फोन नंबर मिळवला. फोनवर प्रेरणा नावाच्या एक मॅडम आल्या. नवीन लागलेल्या, आवाजावरून वयाने लहान. राजनांदगावच्या निघाल्या, घरी मराठीच बोलायच्या. मी चौकट, कोठड्या, छत, सगळं सांगितलं. त्या मध्येच म्हणाल्या, "काका, छताच्या शिळा तिरक्या फिरवत नेल्यात का?" मी हो म्हणालो. "मग तो मठच असणार. मी येते. पण तोवर कशाला हात लावू नका. फारच झालं तर एका कोपऱ्यात रंग काढायचं औषध कापसाने लावून बघा. खरवडायचं नाही. लोखंडाचं काही लावायचं नाही, प्लीज."

हे मी सुखरामला शब्दाला शब्द सांगितलं. लोखंडाचं काही लावायचं नाही, हे ऐकून तो जरा विचारात पडला. पण रंग काढायला तयार काही झाला नाही.

शेवटी त्याला तयार केलं ते पिवळ्या जेसीबीने. एका सकाळी तो येऊन मठाच्या अंगणात उभा राहिला. काम सुरू झालं नव्हतं, ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता, नुसतं यंत्र उभं होतं. त्याचा दात ओट्यापासून हातभर अंतरावर होता. सुखराम त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला. जेसीबीच्या हातावरचा रंग उडाला होता, तिथे त्याने सवयीने बोट फिरवलं. मग मला म्हणाला, "औषध आना भाऊ. पन मी खांबाचा रंग नाही काढत. चौकटीचा काढतो. साधूंचे चेहरे पाहिले तं कोनीही म्हनंल जुने आहेत."

मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा हा माणूस शहाण्यासारखं बोलला. मी औषध आणलं.

त्याने सुरुवात केली ती रमाच्या काकांपासून. हात काय हलका होता त्याचा! कापसाने औषध लावलं, थांबला. रंग फुगला, सुरकुतला. त्याने तो फडक्याने टिपून घेतला. पुन्हा औषध, पुन्हा टिपणं. चंदेरी खाली चंदेरी, त्याखाली चंदेरी, मधूनच एक जुना निळा थर. "हा थ्या वर्षीचा, चांदी भेटली नव्हती तवा," तो म्हणाला. मिशा गेल्या. डोळे गेले. केशरी वस्त्र गेलं. मग तांबूस मऊ दगड दिसायला लागला, आणि मी आनंदाने ओरडलोच. जटा दिसत होत्या. खांदे होते. मांडीवरचा हात होता.

सुखराम चेहऱ्याच्या जागी टिपत राहिला. "अजून रंग आहे इथं," तो म्हणाला. औषध लावलं, टिपलं. "अजून आहे." फडक्यावर काहीच येत नव्हतं. फडकं कोरडं होतं आणि तो टिपत होता. माझ्या लक्षात आलं, त्याच्या आधी आलं. तिथे रंग नव्हता. तिथे नाक नव्हतं, डोळे नव्हते, ओठ नव्हते. साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा गुळगुळीत दगड होता.

त्याने वरचा साधू उघडा केला. तोही तसाच. त्याच्या वरचा, पलीकडचा. संध्याकाळपर्यंत त्याने हाताला येतील तेवढे सगळे साधू उघडे केले, आणि एकालाही चेहरा नव्हता. भागीरथावहिनी चहा घेऊन आली, बघितलं, आणि चहा घेऊन परत गेली.

"वायर ब्रश," सुखराम म्हणाला.

मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं, अगदी प्लांटमध्ये नव्या पोराला सांगावं तसं. रंगाआधी सरफेस तयार करावा लागतो. सुटलेला पापुद्रा चिपिंग हॅमरने, म्हणजे टोकदार हातोडीने, काढायचा. मग लोखंडी तारांच्या वायर ब्रशने घासायचं, चमक येईपर्यंत; सपाट जागी जुने थर धरून राहतात, उंचवट्यावर मात्र ब्रश तळापर्यंत जातो. मग एमरी पेपर. मग प्राइमर. मग रंगाचे दोन हात. यातलं काही चुकवलं तर रंग धरत नाही, आणि तो माणूस पेंटर नाही. सुखरामने कधी काही चुकवलं नव्हतं. दर वर्षी, प्रत्येक साधूला, चमक येईपर्यंत.

"मले वाटे का चेहरे रंगात बुजून राहिले," तो म्हणाला. "म्हनून मी वरून ब्रशनं डोळे-मिशा काढू. दर वर्षी थोडे जास्त काढा लागे."

मी त्याच्यावर आयुष्यभर चिडत आलो, आणि नेमकं त्या वेळी मला चिडता येईना. खरं म्हणजे राग आला होता, भयंकर आला होता, पण तो कुणावर काढावा कळत नव्हतं. कामचुकार माणूस असता तर हे साधू वाचले असते. आमच्या टाइम ऑफिसातल्या कुणाच्या हाती ब्रश दिला असता तर वरच्यावर दोन फटकारे मारून तो घरी गेला असता आणि चेहरे शाबूत राहिले असते. याने प्रामाणिकपणे काम केलं! मी घरी आलो आणि रमावर विनाकारण खेकसलो.

दुसऱ्या दिवशी प्रेरणा मॅडम आल्या. साध्या जीन्समधली पोरगी, गळ्यात कॅमेरा. जेसीबी बघून त्यांनी आधी दोन-तीन फोन केले आणि तो अंगणातून हलवला. मग ओट्यावर आडव्या होऊन छत पाहिलं, कोठड्यांमध्ये वाकून गेल्या, दगडी कट्ट्यांवर हात फिरवला, कोनाड्यातली काजळी नखाने बघितली. तोंडाने सारखं "अरे वा" चाललं होतं. चौकटीपाशी आल्या आणि त्यांनी कॅमेरा खाली सोडला.

"हे कुणी केलं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी खाकरलो. सुखराम चौकात उकिडवा बसला होता. मी म्हणालो, "मॅडम, तुमचं काम होईल ना पण? जुना आहे हे लिहाल ना?"

"इमारत जुनी आहे यात वाद नाही. पण मला काळ लिहायचा आहे, मठच होता हे दाखवायचं आहे. कोरीवकामावरून ते कळतं. यांची तोंडं, केस, हातातलं काही नीट उरलंय असं एखादं तरी दार नाही का?"

तेव्हा भागीरथावहिनी बोलली. मागच्या अंगाला एक कोठडी होती, तिच्यात ती गाईचं तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, आणि गोवऱ्या भरून ठेवायची. दारही तणसाने बुजलेलं. "तिथं मी यांईले ब्रश घेऊन येऊ देत नव्हती," ती म्हणाली. "तेलाच्या वासानं गाय तणीस खात नाही. लय भांडन होये आमचं दर वर्षी. हे म्हनत, एवढा मठ चकाचक आन् तुहा कोपरा घान."

आम्ही सगळ्यांनी मिळून तणीस ओढून काढलं. माझ्या शर्टात, कानात, सगळीकडे कुसळं गेली, आणि ते माझ्या वयाला शोभणारं काम नव्हतं. पण चौकट मोकळी झाली तेव्हा मीही कुसळं विसरलो. काळ्या पडलेल्या, सुखरामच्या भाषेत गंजलेल्या, दगडावर एक म्हातारा गुरू बसला होता. समोर पोथी, हात उचललेला. पुढे शिष्य, दाटीवाटीने. एक शिष्य मान वळवून मागच्याशी काहीतरी बोलत होता आणि गुरूच्या ते लक्षात आलं होतं. गुरूच्या कपाळावर आठी होती. मी सांगतो, ती आठी मी टाइम ऑफिसात रोज आरशात पाहिली आहे. शेकडो वर्षांपूर्वीचा कुणी कारागीर वर्गात बोलणाऱ्या पोरावर चिडलेला मास्तर दगडात ठेवून गेला होता.

प्रेरणा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "झालं काका," त्या म्हणाल्या. "आता कुणी हात लावू शकणार नाही."

सुखराम मागून आला. त्याने बराच वेळ त्या गुरूकडे पाहिलं. मग शिष्यांकडे, एकेकाकडे. "असे होते काय सगळे?" त्याने विचारलं.

मॅडमनी कॅमेरा उचलला.

मॅडम ओट्यावर बसून लिहायला लागल्या. लिहिता लिहिता वाचूनही दाखवत होत्या, म्हणजे आम्हाला कळावं. मुख्य द्वारशाखेवरील शिल्पांचे चेहरे अज्ञात व्यक्तींकडून वारंवार घासले गेल्याने नष्ट. मी मनात त्यांना आशीर्वाद दिला. पोरगी समजूतदार होती.

"अज्ञात कावून?" सुखराम म्हणाला. "मी होतो नं."

"काका, नाव लिहायची गरज नसते."

"सुखराम," मी म्हणालो, "गप बस."

"नाही भाऊ. काम कोनं केलं थे लिहा लागते. आमच्या शॉपमधे बिनानावाचं काम पास होत नव्हतं." तो मॅडमच्या समोर जाऊन उभा राहिला, पाय जुळवून, इन्स्पेक्शनला उभं राहावं तसा. "लिहा. सुखराम कापगते, पेंटर."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. त्यांनी लिहिलं की नाही हे मला माहीत नाही. पेन हललं एवढं खरं.

रस्ता वळला. कॉलनीवाले आता वळसा घालून जातात आणि मला बघितलं की तोंड फिरवतात, जणू मीच मठ बांधला. रंग काढायला मोठी टोळी आली, सावकाश काम करते आहे, खांब आता दगडाचे दिसतात. अंगणात खात्याचा निळा बोर्ड लागला आहे. हे स्मारक संरक्षित आहे, याला जो कोणी इजा करील, विद्रूप करील, त्याला इतकी शिक्षा आणि इतका दंड. बोर्ड लागला त्या दिवशी सुखराम तो पूर्ण वाचून आला. मला म्हणाला, "बरोबर लिहिलं आहे." त्यानंतर तो मठात गेला नाही. घरासमोर मठ, आणि हा माणूस मागच्या दाराने ये-जा करायला लागला. भागीरथावहिनीने सांगून पाहिलं, रमाने सांगून पाहिलं. मी तर रोज सांगत होतो. चूक झाली, झाली; तुझ्यामुळेच वाचला ना तो, अर्ज्यांसाठी चपला कुणी झिजवल्या? तो म्हणायचा, "हाव भाऊ, बरोबर आहे तुमचं."

यंदा विश्वकर्मा पूजेच्या दिवशी सकाळी मी फाटकाशी उभा होतो. बघतो तर सुखराम मठाकडे चाललेला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वायर ब्रश.

मी चपला न घालता धावलो. "सुखराम! अरे मूर्खा! जेलमध्ये जाशील! डोकं फिरलं का तुझं?" सगळा मठपारा बाहेर आला असेल. मी पोचलो तेव्हा तो अंगणात, बोर्डापाशी बसला होता. बोर्डाचे दोन लोखंडी खांब. लावणाऱ्यांनी प्राइमर न देताच ठोकले होते, आणि एका पावसाळ्यात बुंध्याशी तांबेरा चढला होता.

"मॅडमले फोन केला होता," तो वर न बघता म्हणाला. "हो म्हने. फक्त बोर्डाले लावा म्हने. हे लोखंड आहे भाऊ. लोखंडाचं मले समजते."

मी धापा टाकत उभा राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "एवढा आला आहेस तर आत जाऊन ये. त्या मास्तरला तरी भेटून ये."

"कोन्या तोंडानं जाऊ?" सुखराम म्हणाला.

त्याने डबा माझ्या हातात दिला, मी तो धरून उभा राहिलो, आणि तो खांबाचा गंज वायर ब्रशने घासायला लागला, चमक येईपर्यंत.